तारेचा शेवटचा कोस

‘तार आली’ एवढे दोन शब्द कानी पडताच खेड्यातील बायामाणसांच्या काळजात धस्स होत असे, हे आजच्या तरुण श्रोत्यांस कदाचित खरेही वाटणार नाही. तार उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू व्हावी, इंग्रजी जाणणाऱ्या मास्तरांस बोलावणे धाडावे, आणि त्यांनी चष्मा लावून वाचून पाहावे तो मजकूर मुलगा परीक्षेत उतरल्याचा निघावा, असे प्रसंग कित्येक घरांतून हसत हसत सांगितले जात. या भीतीचे कारण उघड आहे. तार ही खेड्याच्या नित्य व्यवहारातील वस्तू कधी झालीच नाही. ती सरकारची, पलटणीची व पेढीवाल्यांची. खेड्याच्या वाट्यास ती आली तर बहुधा मृत्यूची वार्ता घेऊनच येई.

ही तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात कायमची बंद झाली. आश्चर्याची गोष्ट अशी की, ज्या दूरसंचार खात्याने तिचे दप्तर गुंडाळले, त्याच खात्याच्या छत्राखाली त्या वेळी दुसरी एक तार खेड्याकडे निघाली होती. ही तार लोखंडाची नव्हे की तांब्याचीही नव्हे. ती केसाएवढ्या जाडीच्या काचतंतूची असून तिच्यातून विजेऐवजी प्रकाश धावतो. ज्यास आज सर्वजण ब्रॉडबँड म्हणतात, त्या वेगवान इंटरनेटचा हाच राजमार्ग होय. या दोन तारांच्या दरम्यान दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास पडला आहे, आणि त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा दृष्टीस पडते. तार गावच्या वेशीपर्यंत येते, तिचा गाजावाजा होतो, आकडेवारीत गाव ‘जोडले’ गेल्याची नोंद होते, आणि वेशीपासून घरापर्यंतचा शेवटचा कोस मात्र तसाच राहतो.

हिंदुस्थानात तारायंत्राचा पहिला प्रयोग केला तो एका डॉक्टराने. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत. १८३९ साली त्यांनी शहराजवळ बांबू रोवून त्यांवर सुमारे एकवीस मैल लांबीची तार फिरविली व तिच्यातून संदेश पाठवून दाखविले. सरकारने त्या वेळी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत चक्रे फिरली, आणि १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तारवाट उघडली. बंदरात जहाज केव्हा लागले हे व्यापाऱ्यांस व सरकारास लवकर कळावे, हा तिचा मुख्य हेतू. या वाटेवर ओशॉनेसींनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळया वापरल्या. कारण या देशात घारी, कावळे आणि वानरांच्या टोळ्या त्यांवर येऊन बसणार, हे त्यांनी बरोबर ताडले होते. नोव्हेंबर १८५३ मध्ये मोठ्या कामास आरंभ झाला, २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश गेला, आणि १८५५ च्या आरंभी मुंबई व मद्रास यांसह ही तार सामान्य जनतेस खुली झाली. एवढ्या अवाढव्य देशात इतक्या अल्प काळात झालेले हे काम कोणीही थक्क व्हावे असेच होते.

तथापि ज्यांच्या शेतांवरून ही तार गेली त्यांस तिचा लाभ काय झाला? कावळ्यांस बसावयास एक नवी जागा झाली, एवढाच. तारघर जिल्ह्याच्या वा मोठ्या पेठेच्या ठिकाणी. तेथून दहाबारा कोसांवरील खेड्यात तार पोहोचवावयाची तर हरकाऱ्याचे निराळे पैसे पडत, नाहीतर ती साध्या टपालाने जाई. म्हणजे विजेच्या वेगाने निघालेला निरोप शेवटी माणसाच्या पायानेच चाले. १८८५ च्या तारकायद्याने खाजगी जमिनीतून तार नेण्याचा व खांब रोवण्याचा अधिकार सरकारास दिला. नुकसान झाल्यास भरपाई मिळावी अशीही सोय त्यात होती. परंतु ज्याच्या शेतात खांब रोवला त्याच्या गावी तारेची सोय करावी, असे बंधन त्यात कोठेही नव्हते. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत होईपर्यंत हाच जुना कायदा देशाच्या दूरसंचारव्यवस्थेचा पाया होता.

टेलिफोन आला तोही शहरांतच. १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे उघडली. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी सबंध देशातील टेलिफोनांची संख्या एक लाखही भरत नव्हती, आणि त्यांत खेड्यांचा वाटा नगण्य होता.

याच काळात अमेरिकेत मात्र निराळाच प्रकार घडला. तेथेही टेलिफोन कंपन्या शहरांबाहेर पडावयास नाखूष होत्या. चार चार मैलांवर एकेक घर, तेथे खांब रोवून नफा तो काय मिळणार? १८९३ व १८९४ साली बेल यांच्या मूळ शोधांवरील मक्तेदारीची मुदत संपताच तेथील शेतकऱ्यांनी आपल्याच कुंपणाच्या काटेरी तारांना टेलिफोन जोडले व शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलणे सुरू केले. एका तारेवर आठदहा घरे असत, एकाचे गुपित साऱ्यांस ऐकू येई, पावसात आवाज बुडे. परंतु तार तुटली तर दुरुस्त करण्यासाठी शेतकरी स्वतःच पक्कड घेऊन जाई, कारण तार त्याची होती. यांतूनच टेलिफोनच्या सहकारी संस्था निघाल्या. पुढे १९३६ साली खेड्यांत वीज नेण्यासाठी कर्जे देणारा कायदा झाला व १९४९ मध्ये तीच सवलत टेलिफोनसही लागू करण्यात आली. त्या काळच्या कित्येक सहकारी संस्था आज आपल्या सभासदांच्या घरी काचतंतू नेत आहेत. सरकारचा पैसा व गावकऱ्यांची मालकी यांची सांगड तेथे फार लवकर बसली.

आपल्याकडे खेड्यातील टेलिफोनचा खरा विचार सुरू झाला तो १९८४ नंतर. त्या वर्षी सी-डॉट ही संशोधनसंस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा हे तिचे प्रमुख प्रेरक. छत्तीस महिन्यांत व छत्तीस कोटी रुपयांत स्वदेशी टेलिफोनकेंद्र तयार करावयाचे, असा त्यांचा पण होता. परदेशी यंत्रांना थंड हवेची खोली लागे. ज्या गावी विजेचाच भरवसा नाही तेथे वातानुकूलनाची गोष्ट कोणी करावी? सी-डॉटच्या तरुण अभियंत्यांनी धूळ व उन्हाळा सोसणारे, एका साध्या खोलीत बसणारे असे लहान केंद्र बांधले, आणि त्याची पहिली परीक्षा १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे झाली. राणी चेन्नम्माच्या पराक्रमामुळे प्रसिद्ध असलेले हे कित्तूर बेळगाव जिल्ह्यातच आहे. देशाच्या इतिहासात या छोट्याशा पेठेचे नाव अशा रीतीने दुसऱ्यांदा नोंदले गेले, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

याच सुमारास पिवळ्या पाटीची एसटीडी दुकाने गावोगावी निघू लागली. घरी टेलिफोन नसला तरी चालेल, तो हाकेच्या अंतरावर असावा, हे त्यामागील तत्त्व. दुकानदारास प्रत्येक बोलण्यामागे कमिशन मिळे. म्हणून यंत्र बंद पडले की तो स्वतः तालुक्याच्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसे. याच्या उलट कथा ग्रामसार्वजनिक टेलिफोनची, म्हणजे सरकारने प्रत्येक खेड्यास एकेक देऊ केलेल्या सार्वजनिक टेलिफोनची. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत सर्व खेडी जोडण्याचा संकल्प होता. तो सिद्धीस गेला नाही, म्हणून १९९९ च्या धोरणात २००२ ही नवी मुदत घालण्यात आली. घाईघाईने बसविलेल्या पुष्कळ टेलिफोनांना तार नव्हती. ते रेडिओलहरींवर चालत व वरचेवर मुके होत. कागदोपत्री मात्र ते गाव ‘जोडलेले’. अखेर असे १ लाख ८० हजारांहून अधिक टेलिफोन बदलून दुसरे बसवावे लागले. तो खर्च ज्या निधीतून झाला तो सार्वत्रिक सेवा निधी २००२ साली निघाला असून, टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातील ठराविक अंश त्यात जमा होतो. शहरातील ग्राहकाच्या देयकातून खेड्याची तार निघावी, अशी ही योजना. आणि ती न्याय्यच म्हटली पाहिजे.

या सर्व काळात महाराष्ट्रातही एक प्रयोग झाला व तो विसरून चालणार नाही. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या वारणानगरच्या सहकारी परिवारात १९९८ साली, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी संगणककेंद्रे काढण्यात आली. शेतकऱ्याने केंद्रात यावे, बाजारभाव पाहावे, पिकांचा सल्ला घ्यावा, सरकारी दाखले मिळवावे, असे चित्र रंगविले होते. त्या काळी देशोदेशीचे पाहुणे वारणेस येऊन गेले. परंतु काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी जाऊन पाहिले, तेव्हा संगणकांचा उपयोग मुख्यतः एकाच कामासाठी होत असल्याचे आढळले. तो उपयोग म्हणजे उसाची नोंद, तोडीची पाळी, कारखान्यात झालेले वजन व बिलाची रक्कम. एवढ्या कामासाठी संगणकाची दुरुस्ती व विजेची कटकट कशाला? २००६-०७ च्या सुमारास सात गावांत त्यांनी संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील लघुसंदेश योजून पाहिले. शेतकऱ्याने आपला क्रमांक पाठवावा व उत्तर घ्यावे. काम चोख झाले.

या प्रयोगावरून कोणी म्हणू लागले की, खेड्यास वेगवान इंटरनेटची गरजच नाही. हा निष्कर्ष उतावीळपणाचा होता. शेतकऱ्यास जे हवे होते ते त्याने घेतले, एवढाच त्याचा अर्थ. उसाच्या वजनास चार अक्षरे पुरतात. परंतु आजाऱ्याचे क्ष-किरणचित्र जिल्ह्याच्या डॉक्टरास दाखवावयाचे, किंवा मुलास दूरच्या शिक्षकाचा वर्ग ऐकावयाचा, तर चार अक्षरांनी काय होणार? शिवाय ब्रॉडबँड या शब्दाचा अर्थच पालटत आला आहे. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदास २५६ किलोबिट वेगास ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये तो आकडा दुप्पट झाला व २०२३ मध्ये सेकंदास २ मेगाबिट करण्यात आला. शहरातील घराघरांत आज याच्या पन्नासपट वेग सहज मिळतो. म्हणजे खेडे एक पाऊल टाकते तोवर मैलाचा दगडच पुढे सरकलेला असतो.

काचतंतूची मोठी योजना २०११ च्या ऑक्टोबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तंतू न्यावयाचा व प्रत्येकीस सेकंदास १०० मेगाबिटचा वेग द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. तालुक्यापर्यंत तंतू बहुतेक ठिकाणी आधीच पोहोचला होता. तालुका ते ग्रामपंचायत एवढेच अंतर भरून काढावयाचे होते. राजस्थानातील अराईं, त्रिपुरातील पानिसागर व आंध्रातील परवाडा या तीन गटांत २०१२ साली चाचणी झाली. दोन वर्षांत काम आटोपेल असा अंदाज होता. २०१५ मध्ये योजनेस भारतनेट हे नाव मिळाले, आणि पहिल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण होण्यास २०१७ चा डिसेंबर उजाडला. पुढे ही संख्या दोन लाखांच्या वर गेली. हे काम लहान नव्हे. लाखो किलोमीटर तंतू पुरणे, डोंगर, नद्या व जंगले ओलांडणे, हे ओशॉनेसींच्या कामाहून कितीतरी पटींनी मोठे आहे, आणि त्याचा उपहास करणारांनी एकदा भर उन्हात एखादा मैलभर चर खणून पाहावा.

परंतु जुनी खोड येथेही सुटली नाही. देशात ग्रामपंचायती अडीच लाख, पण गावे सहा लाखांहून अधिक. म्हणजे निम्म्याहून अधिक गावे मुळात हिशेबातच नव्हती. तंतू सरळ रेषेत नेलेला, एका पंचायतीतून दुसरीकडे; मध्ये रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने तो एका जागी तोडला की पुढची सारी गावे अंधारात. यंत्राची पेटी पंचायतीच्या कचेरीत. कचेरीस संध्याकाळी कुलूप, सुट्टीच्या दिवशी कुलूप, वीज गेली की पेटीही झोपलेली. पेटी चालू आहे की बंद, याची झळ गावात कोणासच प्रत्यक्ष लागत नसे. एसटीडीच्या दुकानदारास लागत असे तशी. आणि पेटीपासून पाटलाच्या आळीपर्यंत, आळीपासून वाडीवस्तीपर्यंत कोणी जावयाचे, याचे उत्तर योजनेच्या आरंभी कोणाकडेच नव्हते. बाजारातील कंपन्या येतील व ते करतील, अशी आशा होती. त्या फारशा आल्या नाहीत. मध्यंतरी २०१६ नंतर स्वस्त मोबाईल इंटरनेटने खेडी गजबजून गेली हे खरे. परंतु मनोऱ्यापासून दूरच्या दरीत ते क्षीण होते, आणि मनोऱ्यासही शेवटी तंतूच लागतो.

येथे इंग्लंडातील एका खोऱ्याची हकीकत आठवते. लँकेशायर परगण्यात लून नदीच्या काठी मेंढपाळांची व शेतकऱ्यांची विखुरलेली वस्ती आहे. मोठ्या कंपनीस तेथे येणे परवडत नव्हते. २०११ साली गावकऱ्यांनी आपसांत भाग विकून एक संस्था काढली. बॅरी फोर्ड हे जाळ्यांच्या शास्त्रातील तज्ज्ञ आणि क्रिस कॉन्डर ही शेतकरी कुटुंबातील बाई तिच्या अग्रभागी होती. त्यांचा हिशेब साधा होता. डांबरी रस्ता खणणे महाग, शेतातील मऊ माती नांगरणे स्वस्त. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून तंतू नेण्याची परवानगी विनामूल्य दिली, शेजाऱ्यांनी कुदळ हाती घेतली, आणि कित्येकांनी खणाईचा मोबदला रोख न घेता संस्थेच्या भागांच्या रूपाने घेतला. त्या खोऱ्यातील घरांस महिना सुमारे तीस पौंडांत सेकंदास १००० मेगाबिट वेग मिळू लागला. त्या काळी लंडनमधील पुष्कळांच्या नशिबी तो नव्हता. आपल्याकडील दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी व लँकेशायरचा कुरणांचा मालक यांची बरोबरी करता येणार नाही हे उघड आहे. आपल्या शेतकऱ्यापाशी मोसमात फुकट देण्यास वेळ नाही व जमिनीच्या वादांस तोटा नाही. परंतु ज्या भूमीत दुधाच्या, उसाच्या व पाणीपुरवठ्याच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, तेथे तंतूची संस्था निघूच नये असे कोणते ब्रह्मलिखित आहे?

या प्रश्नाचे गांभीर्य २०२० साली साऱ्यांस एकदम कळले. महामारीमुळे शाळा बंद झाल्या, वर्ग पडद्यावर भरू लागले, आणि कोकणात व सह्याद्रीच्या कुशीत मुले नेटवर्कच्या शोधात डोंगरमाथ्यावर, झाडाखाली, पावसात छत्री धरून बसू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्कात अंतर्भूत असल्याचा निर्णय दिला होता. आता तो हक्क कागदावर आहे व मूल डोंगरावर, असे दृश्य दिसू लागले. शिधावाटपाच्या दुकानातील अंगठ्याचे यंत्र, सातबाऱ्याचा उतारा, मजुरीची हजेरी, ही सारी कामे तोवर इंटरनेटवर गेलेली होती. यंत्रास जोडणी नाही म्हणून धान्य न घेता परत फिरणाऱ्या म्हाताऱ्या बाईस वेगाच्या आकड्यांचे काय होय!

१५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सहा लाखांहून अधिक गावांत हजार दिवसांत काचतंतू नेण्याची घोषणा केली, तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात सार्वजनिक वायफायची योजना मंजूर झाली. किराणामालाच्या वा चहाच्या दुकानदाराने इंटरनेट विकावे, असे तिचे रूप असून ती उघडच जुन्या एसटीडी दुकानाची नात आहे. ते हजार दिवस २०२३ च्या मे महिन्यात संपले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची सुधारित भारतनेट योजना मंजूर केली.

या नव्या योजनेचा आराखडा वाचताना जुन्या चुकांची कबुली ओळीओळीत आढळते. तंतू आता सरळ रेषेत न जाता कड्याच्या आकाराने जावयाचा, म्हणजे एका बाजूस तुटला तर दुसऱ्या बाजूने प्रवाह चालू राहील. ग्रामपंचायतीपलीकडील गावेही, मागणी असेल तेथे, हिशेबात घेतली आहेत. बांधणीची मुदत तीन वर्षांची, परंतु कंत्राटदारावर देखभालीची जबाबदारी दहा वर्षांची. आणि घराघरांत जोडणी नेण्याचे काम गावातीलच तरुण उद्यमीने करावयाचे, ग्राहकाच्या वर्गणीत त्यास वाटा मिळावयाचा. दीड कोटी ग्रामीण घरांत अशा जोडण्या देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या घराच्या कौलांवरून तंतू आत घेण्यासाठी शिडी लावणारा, पाऊस पडून गेल्यावर तुटलेली जागा शोधीत बांधाबांधाने हिंडणारा, आणि रात्री आठ वाजता ‘दादा, इंटरनेट गेले’ म्हणून ज्याच्या दारी लोक येतील असा तो माणूस आहे. त्याला महिन्याकाठी किती रुपये सुटतात, यावर गावोगावच्या पेट्या चालू राहतील की कुलपात राहतील हे ठरणार आहे.